आभाळातून येणारं नेटही बंद होतं

नेट बंद झालं की गावात पहिली बोंब उठते रेशन दुकानासमोर. ई-पॉस यंत्रावर अंगठा ठेवला तरी आधारची पडताळणी होत नाही, आणि मजुरी पाडून रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला ‘उद्या या’ ऐकावं लागतं. मग किराण्याच्या दुकानातलं फोनपे थांबतं. ई-पीक पाहणीचे फोटो चढत नाहीत. सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, कापूस विकायचा तर २०२५ पासून नोंदणीही ‘कपास किसान’ ॲपवर आहे, तीही अडते. अमरावतीत नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि अकोल्यात मे २०२३ मध्ये हिंसाचारानंतर इंटरनेट बंद ठेवलं गेलं, तेव्हा विदर्भाने हे अनुभवलं आहे. आता पारावर बोलणं निघालं की कोणीतरी म्हणतंच, ‘ते मस्कचं छत्रीवालं नेट येऊन राह्यलं ना बावा, मंग सरकार काय बंद करन?’

मस्कचं छत्रीवालं नेट म्हणजे इलॉन मस्कच्या स्टारलिंकचं, थेट उपग्रहावरून येणारं इंटरनेट. प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आधी साधं नेट बंद कसं होतं ते पाहू. आदेश काढण्याचा अधिकार राज्याच्या गृहसचिवांना असतो. पूर्वी त्याला आधार होता १८८५ च्या तार कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांचा. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आणि २०२४ चे नियम आहेत. एक आदेश जास्तीत जास्त १५ दिवस चालतो. बेमुदत बंदी चालणार नाही आणि आदेश जाहीर करावेच लागतील, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या प्रकरणात बजावलं होतं. आदेश कंपनीकडे पोहोचला की टॉवरवर कोणी चढत नाही. कंपनीच्या नियंत्रण केंद्रातून त्या भागातल्या टॉवरची डेटा सेवा थांबवली जाते. कॉल बहुधा चालू राहतात. पण आदेशातली हद्द महसुली असते आणि लहरींना तलाठ्याचा नकाशा ठाऊक नसतो. म्हणून बंदी शहरापुरती असली तरी शहराच्या कडेच्या टॉवरवर जगणारी पलीकडची गावंही अंधारात जाऊ शकतात.

उपग्रहाकडे वळण्याआधी घरावरच्या डीटीएचच्या छत्रीकडे एकदा बघा. विदर्भातल्या सगळ्या छत्र्या दक्षिणेकडे तोंड करून असतात, कारण त्यांचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो आणि पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्याने आपल्याला एका जागी स्थिर दिसतो. एवढ्या उंचीवरूनही इंटरनेट देता येतं, आजही दिलं जातं. पण मागणी वर जाऊन खाली येणार आणि उत्तरही तसंच, म्हणजे प्रकाशाच्या वेगानेसुद्धा जवळजवळ अर्धा सेकंद जातो. व्हिडिओ कॉलवर दोघं एकमेकांचं बोलणं तोडत राहतात.

स्टारलिंकने उपग्रह खाली आणले, साधारण ५५० किलोमीटरवर. अंतर गेलं, उशीर गेला. पण इतक्या खालचा उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वेगाने पळतो आणि काही मिनिटांत नजरेआड होतो. म्हणून एक-दोन उपग्रह पुरत नाहीत, हजारो लागतात, आणि घरावरच्या ताटलीला सतत नवा उपग्रह धरावा लागतो. खरी करामत या ताटलीतच आहे. ती यासाठी मान हलवत नाही. तिच्या आत हजाराहून जास्त चिमुकले अँटेना असतात. प्रत्येक अँटेना आपली लहर शेजाऱ्यापेक्षा किंचित मागेपुढे सोडतो. एका दिशेला या सगळ्या लहरी जुळून बळकट होतात, बाकीच्या दिशांना एकमेकींना खोडतात. हे मागेपुढेपण बदललं की झोत दुसरीकडे वळतो, तोही सेकंदाच्या लहानशा अंशात. लढाऊ विमानांच्या रडारमधलं हे तंत्र आज घराच्या स्लॅबवर येऊन बसलं आहे, हे मला अजूनही थोडं अचाट वाटतं.

डीटीएचची छत्री फक्त ऐकते. ती कुठे आहे हे दुरून कोणाला कळत नाही. इंटरनेटची ताटली मात्र बोलतेही, १४ गिगाहर्ट्झच्या आसपास. झोत वर आणि अरुंद असला तरी थोडी ऊर्जा बाजूला सांडतेच, आणि योग्य उपकरण जवळ आलं की ती पकडता येते. घरातला वायफाय राउटर तर आपलं नाव सांगतच बसतो. शिवाय ताटली जीपीएसवरून स्वतःची जागा ओळखते. जीपीएसचा संकेत जमिनीवर पोहोचेपर्यंत फार क्षीण झालेला असतो, त्यामुळे त्यात गोंगाट मिसळून ताटलीला गोंधळात टाकणं सोपं असतं.

इराणमध्ये २०२२ च्या आंदोलनानंतर चोरवाटेने आलेल्या स्टारलिंक ताटल्यांनी बंदी भेदली, हे खरं आहे. पण ते जमलं कारण कंपनीने इराणवरची सेवा स्वतःहून चालू केली होती आणि तिचं एकही भूकेंद्र, म्हणजे उपग्रहाला इंटरनेटशी जोडणारं जमिनीवरचं केंद्र, इराणच्या हाती नव्हतं. उपग्रह खाली उतरवतो तो डेटा शेवटी कुठल्यातरी भूकेंद्रातूनच इंटरनेटला मिळतो. नव्या स्टारलिंक उपग्रहांमध्ये लेझरचे दुवे असल्याने ते भूकेंद्र दुसऱ्या देशात असलं तरी चालतं. २०२५ मध्ये इराणने ताटली वापरणं हाच गुन्हा ठरवला.

भारताने बंदी भेदण्याची ही वाट आधीच बुजवून ठेवली आहे. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये दूरसंचार खात्याचा परवाना मिळाला. त्याआधी मे महिन्यात आलेल्या सुरक्षा अटींनुसार इथल्या ग्राहकाचा डेटा भारतातल्याच भूकेंद्रावर उतरला पाहिजे, ताटलीचं ठिकाण मागितल्यावर सांगता आलं पाहिजे, आणि आणीबाणीत एखाद्या भागाची, गटाची, अगदी एकट्या ग्राहकाची सेवाही तोडता आली पाहिजे. टॉवर बंद केला तर अख्खं गाव बंद होतं. इथे एकच घर निवडता येतं. बंदीच्या दृष्टीने पाहिलं तर छत्रीवालं नेट टॉवरपेक्षा जास्त आज्ञाधारक आहे. मणिपूरमध्ये डिसेंबर २०२४ मध्ये जप्त केलेल्या सामानात स्टारलिंकचं चिन्ह असलेली ताटली सापडली, तेव्हा मस्कने भारतावरचे झोत बंद असल्याचं सांगितलं होतं. सेवा कुठल्या भूभागावर सोडायची हे कंपनी बसल्या जागी ठरवू शकते, एवढं त्यातून कळतं. परवान्याशिवाय असं यंत्र बाळगणं गुन्हा आहे, तो मुद्दा वेगळाच.

मग विदर्भाला याचा उपयोग काय? आहे, आणि तो बंदीशी संबंधित नाही. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सही केली. त्यात गडचिरोली आणि वाशिमचं नाव आहे, सोबत नंदुरबार आणि धाराशिव. भामरागडकडच्या जंगलात पुरात नाले चढले की रस्ता तुटतो, आणि तिथवर फायबर नेऊन सांभाळणं महाग पडतं. अशा ठिकाणी आरोग्य केंद्रावर किंवा आश्रमशाळेवर एक ताटली बसली तर फरक पडेल. अडचणी दोन. जोरदार पावसात डीटीएचचं चित्र जातं, त्याच कारणाने हेही नेट डळमळेल. आणि ताटली ५० ते १०० वॅट खाते, तेही चोवीस तास. लाइन गेली की इन्व्हर्टर नाहीतर सोलर पाहिजे.

याच्या पुढची पायरी ताटलीशिवायची आहे. डिसेंबर २०२५ मध्ये इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटने अमेरिकेचा ब्लूबर्ड उपग्रह वर नेला. त्याचा अँटेना सुमारे २२३ चौरस मीटरचा आहे, इतका मोठा की खिशातल्या साध्या फोनचा क्षीण आवाज त्याला ऐकू यावा. मात्र ही सेवा मोबाइल कंपन्यांमार्फत, त्यांच्याच स्पेक्ट्रमवर चालते. फोन थेट आभाळाशी बोलला तरी सिम त्याच कंपनीचं असेल, आणि गृहसचिवांचं पत्रही त्याच कंपनीकडे जाईल.