वीज सुधारणांचा क्रम : ब्रिटनचा आणि आपला

ठाणे, नवी मुंबई, मुलुंड आणि भांडुप या महावितरणच्या क्षेत्रात समांतर वितरण परवाना (त्याच भागात दुसऱ्या कंपनीला वीज पुरवण्याची मुभा) मिळावा, असा अर्ज अदानी समूहातील एका कंपनीने २०२२ मध्ये केला आणि त्याला विरोध म्हणून ४ जानेवारी २०२३ रोजी राज्यातील वीज कर्मचारी संपावर गेले. संप त्याच दिवशी मिटला. मात्र वीज कोणाकडून घ्यायची हे घरगुती ग्राहकाने ठरवावे का, हा मूळ प्रश्न तसाच राहिला. ब्रिटनने तो १९९९ पर्यंत निकालात काढला होता.

तेथे १९८९ च्या कायद्यानुसार ३१ मार्च १९९० रोजी सरकारी वीज उद्योगाची फोड झाली. निर्मिती, पारेषण (उच्च दाबाच्या वाहिन्यांवरून वीज नेणे) आणि बारा प्रादेशिक वितरण कंपन्या वेगळ्या झाल्या, आणि दर अर्ध्या तासाला घाऊक भाव ठरवणारा बाजार सुरू झाला. विक्रेता निवडण्याची मुभा मात्र टप्प्याटप्प्याने मिळाली : १९९० मध्ये एक मेगावॉटहून मोठ्या ग्राहकांना, १९९४ मध्ये शंभर किलोवॉटच्या वरच्यांना आणि १९९८-९९ मध्ये घराघराला. या काळात क्षमता पुरेशी होती आणि वितरण कंपन्या बिलांची वसुली करू शकत होत्या, ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पुढे २००० च्या कायद्याने वायरचा धंदा आणि विजेची विक्री यांचे परवानेही वेगळे झाले.

आपण सुरुवात दुसऱ्या टोकाने केली. १९९१ मध्ये खासगी गुंतवणुकीला दार उघडले ते निर्मितीत, आणि ती वीज घेणारे राज्य वीज मंडळ मात्र गळती, थकबाकी व सवलतीच्या दरांच्या ओझ्याखाली तसेच राहिले. एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाचा वीज खरेदी करार १९९३ मध्ये झाला. १९९९ मध्ये सुरू झालेला तो प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला, कारण त्या दराने वीज विकत घेणे मंडळाला परवडत नव्हते. विजेचे दर ठरवणारा नियामक आयोग राज्यात १९९९ मध्ये आला, म्हणजे करारानंतर सहा वर्षांनी. मंडळाची फोड २००५ मध्ये, २००३ च्या कायद्यानुसार झाली आणि महावितरण जन्मले. विजेची घाऊक खरेदी-विक्री करणारे वीज विनिमय केंद्र २००८ मध्ये सुरू झाले.

मुक्त प्रवेशाची, म्हणजे स्थानिक वितरण कंपनी सोडून दुसरीकडून वीज घेण्याच्या मुभेची, आपली मर्यादाही एक मेगावॉटचीच होती. हरित विजेसाठी ती २०२२ मध्ये शंभर किलोवॉटवर आली. ब्रिटनने १९९० ते १९९४ मध्ये गाठलेले आकडे हेच. त्यामुळे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील मोठा कारखाना अधिभार भरून का होईना, बाहेरची वीज घेऊ शकतो, परंतु कळव्यातील किंवा ऐरोलीतील कुटुंबाला तो मार्ग नाही. वायर आणि विक्री वेगळी करण्याचे २०१४ चे विधेयक मंजूर झाले नाही. एकाच वाहिनीवरून अनेक विक्रेत्यांना वीज विकू देणारे २०२२ चे विधेयकही नाही.

अर्थात निवडीचे स्वातंत्र्य म्हणजे स्वस्त वीज, असे ब्रिटनचा अनुभव सांगत नाही. तेथे २०१९ मध्ये घरगुती दरावर सरकारला कमाल मर्यादा घालावी लागली, आणि २०२१-२२ मध्ये गॅस महागताच पंचवीसहून अधिक विक्रेत्या कंपन्या बुडाल्या. त्यांच्या ग्राहकांचा वीजपुरवठा तरीही चालू राहिला, कारण वायर वेगळ्या कंपनीच्या ताब्यात होती. आपल्या कायद्यात समांतर परवानाधारकाने स्वतःची वितरण यंत्रणा उभारणे अपेक्षित आहे. म्हणजे ठाण्यातील त्याच रस्त्यांखाली दुसरी केबल, आणि तिचा खर्च वीज आकारात.