क्यू नेमका गळतो कुठे?

१०० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि २५३ पिकोफॅरडचा कपॅसिटर समांतर जोडला, की मंडलाचा अनुनाद १ मेगाहर्ट्झला येतो. तिथे कॉइलची प्रतिबाधा ६२८ ओहम असते. तिला कॉइलच्या रोधाने भागले की क्यू, म्हणजे मंडल ऊर्जा किती कमी वाया घालवते याचा आकडा (गुणवत्ता गुणांक), मिळतो: रोध ६.२८ ओहम असेल तर क्यू १००, आणि बँडविड्थ, म्हणजे मंडल ज्या वारंवारतांना चांगला प्रतिसाद देते त्या पट्ट्याची रुंदी, १० किलोहर्ट्झ.

हा रोध मल्टिमीटरने मोजू नये. मीटर डीसी रोध दाखवतो, तो दीड ओहम दिसला तर क्यू चारशेच्या वर असल्याचा भास होतो. १ मेगाहर्ट्झला प्रवाह तांब्याच्या पृष्ठभागाजवळच्या सुमारे ०.०६६ मिलिमीटरच्या थरातूनच मुख्यतः वाहतो, त्यामुळे खरा रोध कितीतरी पट जास्त असतो. म्हणूनच या पट्ट्यात इनॅमलच्या लेपाने एकमेकींपासून वेगळ्या ठेवलेल्या अनेक बारीक तारा एकत्र वळलेली लिट्झ वायर वापरतात. टोकाला तिचे सगळे पदर सोल्डर झालेच पाहिजेत, दोन-चार सुटले तरी फायदा घटतो. कॉइल धातूच्या चॅसीला चिकटून बसवली तर चॅसीत भोवरी प्रवाह (धातूत गोल फिरणारे प्रवाह) निर्माण होऊन क्यू आणखी पडतो. कपॅसिटर एनपीओ प्रकारचा, म्हणजे कमी तोट्याचा स्थिर सिरॅमिक घ्यावा. एक्स७आर हा दुसरा सिरॅमिक प्रकार अशा जागी चालत नाही.

मोजताना मात्र बहुतेकांचा घोळ होतो. क्यू १०० असलेल्या या मंडलाचा अनुनादावरचा समांतर रोध (६२८ ओहम गुणिले क्यू) जेमतेम ६३ किलोओहम. ५० ओहमचा सिग्नल जनरेटर थेट जोडला की क्यू संपलाच. जनरेटर १ पिकोफॅरडच्या आसपासच्या कपॅसिटरमधून जोडावा. ऑसिलोस्कोपचा प्रोब १० पटीच्या सेटिंगवर ठेवावा. १ पटीवर केबलची धारिता शंभरेक पिकोफॅरडने वाढून अनुनादच ८५० किलोहर्ट्झजवळ सरकतो. मग शिखराचे व्होल्टेज नोंदवा, वारंवारता दोन्ही बाजूंना हलवून ते ०.७०७ पट होते ती दोन टोके शोधा, आणि मधल्या वारंवारतेला त्यांच्या फरकाने भागा.

दुसरी रीत जास्त आवडावी अशी आहे. मंडलाला एक स्पंद द्या आणि आंदोलने अर्ध्यावर यायला किती चक्रे लागली ते ऑसिलोस्कोपवर मोजा. तो आकडा गुणिले ४.५३ म्हणजे क्यू.

क्यू जास्त तितका बरा, असे नाही. एएम रेडिओत १ मेगाहर्ट्झला तो ३०० झाला तर बँडविड्थ ३.३ किलोहर्ट्झ उरते, आवाज वाहून नेणारे बाजूचे पट्टे कापले जातात आणि आवाजातले उंच स्वर बोथट होतात. क्यू २०० असलेल्या मंडलाला १२० किलोओहमचा रोधक समांतर लावला की तो शंभरच्या आसपास येतो.