कांदा आठवड्यातून किती वेळा? आहार-प्रश्नावल्यांची पार्श्वभूमी

आठवड्यातून किती वेळा कांदा खाता, असं विचारलं की गिरगावातली कुठलीही काकू सर्व्हेवाल्या मुलीकडे बघून हसणारच, कारण कांदा फोडणीत आहे, वाटणात आहे, पोह्यात आहे, मोजणार कुठून. पण कांद्यातलं क्वेर्सेटिन, म्हणजे वनस्पतींतलं एक संयुग, पोटात किती जातं याचा अंदाज हवा तर विचारावं हेच लागतं.

१९८५ मध्ये अमेरिकेत ६१ पदार्थांची प्रश्नावली १७३ नर्सेसना देऊन, वर्षभरात चारदा आठवडाभर लिहिलेल्या खाण्याच्या नोंदींशी ताडून बघितली, तिथून हे तपासणीचं शास्त्र रुळलं. तेव्हा सगळा भर फॅट आणि व्हिटॅमिनवर. १९९३ ला हॉलंडमधल्या ८०५ वयस्कर पुरुषांचा अभ्यास आला, दिवसाला सरासरी २६ मिलिग्रॅम फ्लेवोनॉइड (क्वेर्सेटिन ज्या कुळातलं ती संयुगं), त्यातले ६१ टक्के नुसत्या चहातून, १३ टक्के कांद्यातून, आणि मग सगळेच या संयुगांच्या मागे लागले. २००३ ला कुठल्या पदार्थात किती हे सांगणारा अमेरिकन फ्लेवोनॉइड तक्ता आला, २००९ ला पॉलिफेनॉलचा, म्हणजे फ्लेवोनॉइड ज्यात मोडतात त्या मोठ्या गटाचा, मोफत डेटाबेस.

खरा वाद मात्र प्रश्नावली ताडून बघायची कशाशी यावर आहे. बरेच जण "काल काय खाल्लं" हे विचारून त्याच्याशी जुळवतात. स्वस्त पडतं, पण तोंड तेच ना! जो वडापाव फॉर्मवर लपवतो तो तोंडीही लपवणार, आणि दोन्हीकडचे मिलिग्रॅम एकाच तक्त्यातून काढलेले, म्हणजे तक्ता चुकला तर दोन्हीकडे सारखाच चुकणार आणि कुणाला कळणारही नाही. वर कोरिलेशन, म्हणजे दोन्हीकडचे आकडे किती एकत्र वरखाली होतात ते (पूर्ण जुळले तर १), ०.५ आलं की खुश. प्रश्नावली प्रत्येकाचं खाणं बरोब्बर दुप्पट दाखवत असली तरी कोरिलेशन १ येतं, हे संख्याशास्त्रवाल्यांनी १९८६ मध्येच ठणकावून सांगितलंय.

दुसरा गट लघवी तपासा म्हणणारा, कारण खाल्लेल्या संयुगांचा माग तिथे उतरतो, तोंड काहीही सांगो; माझा कल तिकडेच. अर्थात चोवीस तासांची लघवी जमवायची म्हणजे विरार लोकलमध्ये कॅन घेऊन चढायचं, कोण तयार होणार. शिवाय लघवीला फार मागचं कळत नाही, चहातले कॅटेचिन (हेही फ्लेवोनॉइडच) काही तासांत निघून जातात, क्वेर्सेटिन फार तर एक-दोन दिवस. आणि आतड्यातले जंतू वेगळे: तेच सोयाबीन खाऊन इक्वोल (जंतू सोयातल्या संयुगापासून बनवतात तो पदार्थ) बनतं ते पाश्चात्त्यांत साधारण पाव ते एक तृतीयांश लोकांत, जपानात निम्म्याच्या आसपास किंवा जास्त. म्हणजे आकडा कमी आला तर माणूस खोटं बोलला की त्याचे जंतूच तसे, हे सांगता येत नाही.

आपल्याकडे १९७१ च्या जुन्या तक्त्यात पॉलिफेनॉल नव्हतेच, २०१७ च्या नव्यात, ५२८ पदार्थांच्या, ते आले. पण ते कच्च्या मालाचे. कांदा उकळला की क्वेर्सेटिनचा काही भाग पाण्यात उतरतो, आता रस्सा असेल तर ते पाणी पोटात जातं, ओतून दिलं तर गेलं मोरीत, आणि प्रश्नावलीत हा रकानाच नसतो. चहाचं तेच, परदेशी फॉर्मवर "कप" आणि इथे कटिंग, तीही दुधात उकळलेली.

सगळ्यात गोची चातुर्मासाची. कांदेनवमीला भजी हाणून घरात चार महिने कांदा-लसूण-वांगं बंद, आणि फॉर्म विचारतो गेल्या वर्षाची सरासरी. लघवीचा नमुना श्रावणात घेतला तर कांदा शून्य, माघात घेतला तर भरपूर, बाई तीच आणि उत्तरही तेच. म्हणून नमुने निदान दोन ऋतूंत घ्यायला हवेत, पण लॅबचं बिल दुप्पट होतं, आणि पहिली कात्री तिथेच लागते.