जुन्या डेस्कटॉपची रॅम : ती खाच तिथेच का?

डेस्कटॉप रेंगाळू लागला की दुरुस्तीवाला आधी रॅम वाढवायला सांगतो. सल्ला बहुतेक वेळा बरोबर असतो. अडचण त्यापुढे येते. एका मशीनमध्ये चालणारी स्टिक (रॅमची पट्टी) दुसऱ्यात बसतच नाही, कधी बसते पण दिसत नाही, तर कधी दिसते पण अर्धीच. यामागची कारणं बरीच जुनी आहेत.

आपण जिला रॅम म्हणतो ती डीरॅम. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये तिची कल्पना सुचली आणि १९६८ मध्ये पेटंट मिळालं. एका बिटसाठी, म्हणजे एका ० किंवा १ साठी, एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कॅपॅसिटर, एवढंच. कॅपॅसिटरमधला विद्युतभार सतत गळत असतो, म्हणून तो सेकंदाला अनेकदा पुन्हा भरावा लागतो. रचना इतकी साधी असल्यामुळेच मेमरी स्वस्त झाली आणि घरातल्या संगणकापर्यंत पोचली.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम पीसी आला, तेव्हा सर्वांत स्वस्त मॉडेलमध्ये १६ केबी मेमरी होती. वाढवायची तर सुट्या चिप विकत घेऊन त्या बोर्डवरच्या सॉकेटमध्ये एकेक करून दाबायच्या. एका रांगेत नऊ चिप : आठ डेटासाठी, नववी चूक पकडण्यासाठी. मग बोर्डवरचे छोटे स्विच हलवून मशीनला सांगायचं, की आता एवढी मेमरी आहे. तापण्या-निवण्याने चिप हळूहळू सॉकेटमधून वर सरकत. त्या अंगठ्याने पुन्हा दाबून बसवणं हा तेव्हाच्या दुरुस्तीचा नेहमीचा भाग होता. त्या पीसीच्या ८०८८ प्रोसेसरला पत्ता सांगण्यासाठी २० तारा होत्या, म्हणजे एकूण मर्यादा १ एमबी. त्यातला वरचा ३८४ केबीचा भाग डिस्प्ले आणि बायोस (मशीन सुरू करणारा प्रोग्राम) यांसारख्या कामांसाठी राखला गेला. उरले ६४० केबी. हा आकडा पुढे डॉस या तेव्हाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रोग्रामांना कितीतरी वर्षं छळत राहिला.

सुट्या चिपांचा त्रास १९८३ मध्ये वँग लॅबोरेटरीजच्या 'सिम' मॉड्यूलने संपवला. चिप एका छोट्या पट्टीवर जोडलेल्या, पट्टी स्लॉटमध्ये खोचायची. माझ्या मते रॅमच्या इतिहासात सामान्य माणसाच्या सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच. मात्र ३० पिनांची सिम एका वेळी ८ बिटच देई, म्हणून ३२ बिटच्या ४८६ प्रोसेसरला चार सारख्या सिम एकदम लागत. ७२ पिनांची सिम आल्यावर ४८६ चं काम एकीवर भागलं, पण ६४ बिटच्या पेंटियमला जोडी हवीच होती. १६८ पिनांच्या 'डिम'पासून ६४ बिट एकाच स्टिकमध्ये आले आणि रॅम एकेकटी वाढवता येऊ लागली. आजही जोडी लावतात, पण ती ड्युअल चॅनलच्या, म्हणजे दोन स्टिक एकदम वाचण्याच्या, वेगासाठी. एकीवरही मशीन सुरू होतं.

त्यानंतर डीडीआर या अधिक वेगवान रॅमच्या पिढ्या आल्या. प्रत्येक पिढीत व्होल्टेज उतरलं : डीडीआरला २.५, डीडीआर२ ला १.८, डीडीआर३ ला १.५, डीडीआर४ ला १.२. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्ही २४० पिनांच्या आणि लांबीलाही सारख्याच. चुकीची स्टिक आत जाऊ नये म्हणून जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेने खाचेची जागा बदलली. स्टिक बसत नसेल तर जोर लावू नये, ते याचसाठी.

खाच जुळली तरी दोन अडथळे उरतात. एक विंडोजचा : ३२ बिट विंडोजच्या नेहमीच्या आवृत्त्यांना ४ जीबीपलीकडचे पत्ते वापरता येत नाहीत, आणि त्यातलेही काही ग्राफिक्स कार्डासारख्या उपकरणांकडे जातात. म्हणून ४ जीबी लावून साडेतीनच्या आसपास दिसते. यात रॅमचा काही दोष नाही. दुसरा अडथळा चिपसेटचा, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या बोर्डवरच्या चिपांचा. इंटेलने २००८ मध्ये आणलेला जी४१ एकूण ८ जीबी घेतो, पण त्याला प्रत्येक चिप जास्तीत जास्त २ गिगाबिटची लागते. आठ गिगाबिट म्हणजे एक जीबी, म्हणून ४ जीबीच्या स्टिकवर दोन्ही बाजूंना मिळून १६ चिप हव्यात. आठच चिप असलेली नवी ४ जीबी स्टिक त्यावर नीट चालत नाही. ग्राहक स्टिक खराब समजून परत करतो आणि दुकानदाराशी वाद होतो. २०११ च्या एच६१ या इंटेलच्याच चिपसेटवर ही अडचण नाही. तो दोन स्लॉटमध्ये १६ जीबी घेतो.

भावाचा इतिहासही असाच धक्क्यांचा आहे. जुलै १९९३ मध्ये जपानच्या निहामा इथल्या सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपच्या आवरणात वापरली जाणारी इपॉक्सी राळ मुख्यतः तिथे बनत होती, आणि जगभर रॅम कडाडली. २०२५ मध्ये एआयच्या डेटा सेंटरांनी तेच केलं. त्याच डिसेंबरात मायक्रॉनने किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशल' हा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं.

त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात वापरलेल्या डीडीआर३ स्टिक विचारणं आता अधिकच शहाणपणाचं आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि एच६१ वरचे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. पण ८ जीबी रॅम, हार्ड डिस्कऐवजी एक साधी एसएसडी आणि विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम एवढ्यावर असं मशीन पत्रं, हिशेब आणि मुलांचा अभ्यास आजही आरामात सांभाळतं. ते भंगारात जाऊ देऊ नका. खरेदीआधी झाकण उघडून बोर्डवरचं मॉडेल वाचा, आणि जी४१ निघाला तर दुकानदाराकडून १६ चिपांचीच स्टिक मागून घ्या.