ऐतिहासिक येशूचा शोध

नासरेथचा येशू (सु. इ. स. पू. ४ – सु. इ. स. ३०) याचे जीवन व ख्रिस्ती धर्माचा उगम यांची, इतिहासातील इतर कोणत्याही विषयाप्रमाणे, साधनचिकित्सेच्या आधारे छाननी करण्याच्या प्रयत्नांना दिलेले नाव. धर्मशास्त्रज्ञ आल्बर्ट श्वाइट्झर याच्या १९०६ मधील जर्मन ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९१० मध्ये निघाले. त्याच्या शीर्षकावरून ही संज्ञा रूढ झाली. मूळ ग्रंथाचे नाव ‘रायमारुसपासून व्रेडेपर्यंत’ (दोघेही जर्मन अभ्यासक) असे काहीसे रूक्ष होते. ‘ऐतिहासिक येशू’ म्हणजे प्रत्यक्ष होऊन गेलेला संपूर्ण येशू नव्हे; हाती असलेल्या साधनांतून इतिहासकाराला जेवढा उभा करता येतो, तेवढाच. श्रद्धावंत आणि संशयवादी यांच्या वादात हा भेद दोन्हीकडून विसरला जातो आणि निम्मे वाद त्यातूनच उद्भवतात.

साधने : सर्वांत जुनी साधने म्हणजे आरंभकाळातील ख्रिस्ती प्रचारक पौल याची पत्रे. थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र साधारणपणे इ. स. ५० च्या सुमारास लिहिलेले मानतात, म्हणजे येशूच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी. येशूच्या चरित्राविषयी पौल फार थोडे सांगतो. मात्र गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात (१.१८–१९) आपण यरुशलेमला (जेरुसलेमला) जाऊन येशूचा शिष्य केफा याच्याजवळ (पेत्राजवळ) पंधरा दिवस राहिलो आणि ‘प्रभूचा भाऊ याकोब’ यालाही भेटलो, असे तो लिहितो. येशू होऊन गेला हे सिद्ध करण्यासाठी त्याने हे लिहिलेले नाही. आपले प्रेषितपद कोणा माणसाकडून मिळालेले नाही, हा त्याचा मुद्दा आहे. असे जाता जाता आलेले उल्लेख इतिहासकाराला मुद्दाम दिलेल्या साक्षीपेक्षा मोलाचे वाटतात. करिंथकरांस पहिल्या पत्रातील (१५.३ पासून पुढे) मरण, पुरणे, पुनरुत्थान व दर्शने यांची ठाशीव यादी पौलाने स्वतः रचलेली नसून त्याला आधीच मिळालेली होती, हे त्याच्याच शब्दांवरून दिसते.

शुभवर्तमानांपैकी (बायबलमधील येशूच्या चार वृत्तांतांपैकी) मार्क हे सर्वांत जुने (सु. ७०), मत्तय व लूक ही त्यानंतरची (सु. ८०–९०) आणि योहान शेवटचे (सु. ९०–१००), असा क्रम बहुतेक अभ्यासक मानतात. या तारखा बऱ्याच अंशी इ. स. ७० मध्ये रोमनांनी केलेल्या यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाशी संबंध जोडून काढलेल्या आहेत. तेव्हा त्यांत दहा-पंधरा वर्षांचे अंतर पडणे अशक्य नाही. मत्तय व लूक यांच्यापुढे मार्कखेरीज येशूच्या वचनांचा एक ग्रीक संग्रह होता, असे गृहीत धरून त्याला ‘क्यू’ म्हणतात. त्याची एकही प्रत सापडलेली नाही. लूकने मत्तय वाचले होते असे मानल्यास ‘क्यू’ची गरजच उरत नाही, असे प्रतिपादणारा एक पक्षही आहे.

ख्रिस्तेतर लेखकांपैकी धाकट्या प्लिनीने सु. ११२ मध्ये सम्राट ट्रेजनला लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ती लोक ठरावीक दिवशी पहाटे जमून ‘ख्रिस्ताला देव मानून’ स्तोत्र म्हणतात, असे कळवले आहे. टॅसिटसने (सु. ११६) नीरोच्या काळातील रोमच्या आगीसंबंधी लिहिताना या पंथाचा मूळ पुरुष सम्राट तिबेरियसच्या कारकीर्दीत यहूदियाचा रोमन सुभेदार पंतय पिलात याच्याकडून मारला गेला, असे नमूद केले आहे. यांपैकी प्लिनीची माहिती पंथाविषयीची आहे; टॅसिटसची माहिती त्याला कोठून मिळाली, हे सांगता येत नाही.

जोसेफसचा उतारा : सर्वाधिक खल झाला आहे तो ज्यू इतिहासकार जोसेफस याच्या ज्यूंच्या प्राचीन इतिहासावरील ग्रंथातील (सु. ९३–९४) एका छोट्या परिच्छेदाचा (१८.६३–६४). उपलब्ध ग्रीक संहितेनुसार त्यात पुढील मजकूर येतो : या सुमारास येशू नावाचा एक ज्ञानी पुरुष होऊन गेला, त्याला पुरुष म्हणणे योग्य असेल तर, तो अद्भुत कृत्ये करणारा होता, त्याने अनेक ज्यूंना व ग्रीकांना आपल्याकडे वळवले, तो ख्रिस्त होता, आमच्यातील प्रमुखांच्या आरोपावरून पिलाताने त्याला क्रूसावर दिले, तिसऱ्या दिवशी तो जिवंत होऊन आपल्या अनुयायांना दिसला, आणि त्याच्यावरून नाव पडलेली ख्रिस्ती लोकांची जमात अद्याप नाहीशी झालेली नाही.

अखेरपर्यंत ज्यू राहिलेला जोसेफस ‘तो ख्रिस्त (म्हणजे ज्यूंना अपेक्षित असलेला मसीहा) होता’ असे लिहील, हे संभवत नाही. तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ ऑरिजेन तर जोसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता, असे स्पष्ट म्हणतो. हा परिच्छेद प्रथम उद्धृत केलेला आढळतो तो चौथ्या शतकात, चर्चचा इतिहासकार युसेबियस याच्या लेखनात. आणि ग्रंथाच्या या भागाची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी ग्रीक हस्तलिखिते अकराव्या शतकापलीकडे जात नाहीत. मधल्या हजार वर्षांत या ग्रंथाच्या नकला मुख्यतः ख्रिस्ती लेखनिकांच्या हातून झाल्या. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या परिच्छेदाच्या अस्सलपणाविषयी शंका घेतली जाऊ लागली आणि तेव्हापासून तीन पक्ष पडले आहेत : संपूर्ण अस्सल, संपूर्ण प्रक्षिप्त (मागाहून घुसडलेला), आणि अस्सल गाभ्यात ख्रिस्ती हाताने घातलेली भर.

संपूर्ण प्रक्षिप्त मानणाऱ्यांचा एक भर संदर्भावर आहे. आधीच्या परिच्छेदात पिलाताने मंदिराच्या पैशातून पाण्याचा कालवा आणल्यावरून झालेली दंगल येते. नंतरचा परिच्छेद ‘याच सुमारास आणखी एक संकट’ अशा शब्दांनी सुरू होतो. मधला उतारा काढून टाकला तर दोन्ही टोके नीट जुळतात. पण जोसेफसला विषयांतराची सवय होती आणि त्याच्या ग्रंथात अशी जुळणारी टोके इतरत्रही दाखवता येतात. शब्दांवरूनही दोन्ही बाजूंनी पुरावा काढला जातो. ‘ज्ञानी पुरुष’ हे विशेषण जोसेफस शलमोन व दानीएल यांना लावतो, ‘अद्भुत कृत्ये’ हा प्रयोग तो अलीशा संदेष्ट्याबाबत करतो. उलट ‘अद्भुत कृत्ये करणारा’ ही नेमकी शब्दयोजना युसेबियसच्या वळणाची आहे, असे काहींचे म्हणणे आहे. ख्रिस्ती लोकांना ‘जमात’ म्हणणे मात्र ख्रिस्ती लेखकाला सहज सुचण्याजोगे नाही.

१९७१ मध्ये जेरुसलेमचा अभ्यासक श्लोमो पिनेस याने दहाव्या शतकातील बिशप अगापियस याच्या अरबी इतिवृत्तातील या उताऱ्याकडे लक्ष वेधले. त्यात ‘तो पुरुष म्हणावा काय’ ही पुस्ती नाही, पुनरुत्थान शिष्यांचे सांगणे म्हणून येते आणि ‘तो कदाचित मसीहा असावा’ असे सौम्य विधान आहे. ख्रिस्ती हात लागण्यापूर्वीची संहिता सापडली, असे तेव्हा अनेकांना वाटले. पुढे अगापियसचे मूळ युसेबियसच्याच सिरियाक भाषांतरापर्यंत मागे नेता येते असे दाखवले गेले आणि त्या साक्षीचे वजन कमी झाले. तथापि जेरोमचे लॅटिन भाषांतर (चौथ्या शतकाची अखेर) आणि बाराव्या शतकातील सिरियन मायकेलचे इतिवृत्त या एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणी ‘तो ख्रिस्त होता’ऐवजी ‘तो ख्रिस्त मानला जाई’ अशा अर्थाचा पाठ आहे. हा पाठ मूळच्या जवळचा असावा आणि तिसरा पक्ष त्यातल्या त्यात अधिक ग्राह्य वाटतो.

त्याच ग्रंथातील दुसरा उल्लेख (२०.२००) इतका वादग्रस्त नाही. इ. स. ६२ मध्ये सुभेदार फेस्त मरण पावला आणि त्याच्या जागी नेमलेला अल्बिनस वाटेत असताना, महायाजक हनान याने ‘ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ’ याकोब व इतर काहींना दगडमार करवला; तक्रार झाल्यावर, नेमणुकीपासून तीन महिन्यांतच, त्याचे पद गेले. याकोबाची ओळख पटावी म्हणून येथे भावाचे नाव दिले आहे, एवढेच. पौल ज्याला प्रत्यक्ष भेटला तोच हा याकोब.

पुरातत्त्वीय पुराव्यात कैसरियात १९६१ मध्ये सापडलेला पिलाताच्या नावाचा शिलालेख आणि जेरुसलेमजवळ १९६८ मध्ये मिळालेले, खिळा रुतून राहिलेले टाचेचे हाड महत्त्वाचे आहे. हाड यहोहानान नावाच्या दुसऱ्याच माणसाचे आहे. परंतु क्रूसावर दिलेल्या माणसाला रीतसर पुरले जाऊ शकत असे, हे त्यावरून कळते.

कालनिर्णय : मत्तयाप्रमाणे येशूचा जन्म राजा हेरोदाच्या हयातीत, म्हणजे इ. स. पू. ४ पूर्वी झाला. लूक तो सिरियाचा रोमन सुभेदार क्विरीनिय याच्या नावनिशीच्या (शिरगणतीच्या) वेळी, म्हणजे इ. स. ६ मध्ये घडल्याचे सुचवतो. दोहोंचा मेळ घालण्याचे प्रयत्न समाधानकारक नाहीत. मृत्यूसाठी इ. स. ३० व ३३ ही दोन वर्षे पुढे केली जातात. पहिल्याकडे कल अधिक आहे.

वादाचा इतिहास : हँबर्गमधील प्राच्यभाषांचा अध्यापक हेर्मान झाम्युएल रायमारुस (१६९४–१७६८) याने येशूचा स्वतःचा उद्देश आणि शिष्यांनी नंतर दिलेली शिकवण यांत फारकत केली, ते लेखन त्याने हयातीत छापले नाही. त्याच्या पश्चात वोल्फेनब्युटेल येथील ग्रंथपाल व नाटककार लेसिंग याने १७७४–७८ मध्ये त्यातील काही भाग लेखकाचे नाव न देता प्रसिद्ध केले. या वादाच्या भरात लेसिंगने मांडलेला मुद्दा मूळ लेखनापेक्षा टिकाऊ ठरला : इतिहासातील आकस्मिक सत्ये ही बुद्धीच्या अनिवार्य सत्यांचा पुरावा होऊ शकत नाहीत, आणि या दोहोंमधला रुंद, ओंगळ खंदक आपल्याला ओलांडता येत नाही.

डाव्हीट फ्रीड्रिख श्ट्राउस याने १८३५–३६ मध्ये चमत्कारकथा म्हणजे लबाडी नव्हे की गैरसमजही नव्हे, तर श्रद्धावंत समाजाच्या मनात घडलेली मिथके आहेत, असे प्रतिपादन केले. त्याची ट्यूबिंगेनची नोकरी गेली. १८३९ मध्ये झुरिकच्या उदारमतवादी सरकारने त्याला प्राध्यापक नेमताच एवढा क्षोभ झाला की, एकही व्याख्यान होण्याआधी त्याला निवृत्तिवेतन देऊन मोकळे करावे लागले. तरीही सप्टेंबरमध्ये आसपासच्या खेड्यांतील लोक स्तोत्रे गात शहरात घुसले, काही माणसे मेली आणि सरकार कोसळले. सत्तापालटासाठी वापरला जाणारा ‘पुट्श’ हा शब्द जर्मन भाषेत या प्रसंगामुळे रूढ झाला. बायबलच्या चिकित्सेवरून सरकार पडल्याचे दुसरे उदाहरण सहसा आढळणार नाही.

श्वाइट्झरने रायमारुसपासूनच्या चरित्रकारांचा झाडा घेतला आणि प्रत्येकाने येशूत आपल्याच काळाचा आदर्श पाहिला, असा निष्कर्ष काढला. त्याच्या मते येशू हा जगाचा अंत जवळ आला असे मानणारा संदेष्टा होता. १९२० नंतर जर्मन धर्मशास्त्रज्ञ बुल्टमान याने चरित्र लिहिण्याचा नादच सोडावा, असे सुचवले. त्याचा शिष्य केझेमान याने १९५३ मध्ये हा प्रश्न पुन्हा उघडला. १९७० नंतर व्हेर्मेश, सँडर्स आदींनी येशूला पहिल्या शतकातील ज्यू धर्माच्या आत ठेवून पाहिले. आज बहुतेक अभ्यासक याच वाटेने जातात. अमेरिकेत १९८५ मध्ये स्थापन झालेल्या ‘जीझस सेमिनार’चे सदस्य प्रत्येक वचनावर तांबडा (नक्की येशूचे), गुलाबी, करडा वा काळा (येशूचे नव्हे) मणी टाकून मतदान करीत. प्रभूच्या प्रार्थनेतील ‘आमच्या पित्या’ एवढेच संबोधन तांबडे ठरले. मोजणीची ही रीत लोकप्रिय झाली, विद्वत्तेच्या दृष्टीने मात्र ती फारशी मानली गेली नाही.

येशू मुळात झालाच नाही, हा पक्ष ब्रूनो बाउअर व पुढे आर्थर ड्रेव्ज (१९०९) यांनी मांडला. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडून येशूने बाप्तिस्मा घेणे आणि क्रूसावरील लाजिरवाणे मरण या दोन गोष्टी कोणी अनुयायी मुद्दाम रचणार नाही. त्यामुळे हा पक्ष तज्ज्ञांत अल्पमतातच राहिला आहे.

इतिहास आणि श्रद्धा : डॅनिश विचारवंत किर्केगॉर याच्या मते येशूच्या समकालीनाला नंतरच्या माणसापेक्षा कोणताही अधिक लाभ नाही, डोळ्यांनी पाहिल्याने श्रद्धा उत्पन्न होत नाही. मार्टिन केलर याने १८९२ मध्ये ‘तथाकथित ऐतिहासिक येशू’ आणि उपदेशातून भेटणारा ‘ख्रिस्त’ यांत भेद करून श्रद्धेला प्राध्यापकांच्या बदलत्या मतांच्या हवाली करण्यास नकार दिला. कॅथलिक चर्चने १९०७ मध्ये आधुनिकतावादाचा (धर्मसिद्धांतांना आधुनिक चिकित्सा लावू पाहणाऱ्या प्रवाहाचा) निषेध केला व १९०८ मध्ये ल्वाझी या फ्रेंच अभ्यासकाला बहिष्कृत केले. १९४३ च्या परिपत्रकाने मात्र वाङ्मयप्रकारांच्या अभ्यासाला मोकळीक दिली. २००७ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी येशूवरील आपल्या ग्रंथात हा वैयक्तिक शोध असून कोणीही आपल्याशी मतभेद व्यक्त करावा, असे म्हटले. महात्मा गांधींनी १९३१ च्या नाताळात बोटीवर केलेल्या भाषणात, येशू झालाच नाही असे सिद्ध झाले तरी डोंगरावरील प्रवचन आपल्याला खरेच वाटेल, असे सांगितले होते. बहुतेक ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञांना हे मान्य होणार नाही. त्यांच्या लेखी देहधारण, म्हणजे ईश्वराने मनुष्यरूप घेणे, ही घडलेली गोष्ट असावी लागते.

मराठीतील चर्चा : थॉमस स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणात (१६१६) हा प्रश्न उद्भवण्याचे कारण नव्हते. मुंबईत जॉन विल्सन व मोरभट दांडेकर यांच्यात १८३० च्या सुमारास, तसेच १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी व मिशनरी यांच्यात समुद्रकिनारी झालेल्या वादांचा रोख ईश्वराचे स्वरूप व शास्त्रप्रामाण्य यांवर होता. महात्मा फुले यांनी येशूला बळीराजाच्या मालिकेत बसवले. ना. वा. टिळक यांना ख्रिस्ताकडे नेणारा पूल तुकारामांचा होता. तेथे कागदपत्रांची चिकित्सा दुय्यम ठरते.

भारतसंबंधाचे दावे वेगळ्या जातीचे आहेत. निकोलस नोटोविच याने १८९४ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात, पाय मोडल्यामुळे लडाखमधील हेमिस मठात राहावे लागले असता येशूच्या भारतातील वास्तव्याची पोथी आपल्याला वाचून दाखवण्यात आली, असे सांगितले. माक्स म्युलरने त्यावर लगेच शंका घेतली. १८९५ मध्ये आग्र्याहून डग्लस नावाचे प्राध्यापक हेमिसला गेले. अशी पोथी मठात नाही आणि असा कोणी पाहुणाही आलेला नाही, असे तेथील प्रमुख लामांनी त्यांना सांगितले. लेहमधील मिशनच्या डॉक्टरच्या रोजनिशीत नोटोविचचे नाव सापडले, पण मोडलेल्या पायासाठी नव्हे, दातदुखीसाठी. तरीही ही कथा मराठी नियतकालिकांतून अधूनमधून पुन्हा डोके वर काढते. गणेश दामोदर (बाबाराव) सावरकर यांनी येशू मूळचा हिंदू होता असा पक्ष मराठीत मांडला. त्याला साधनांचा आधार नाही.