कुत्र्याचं आयुष्य: लसीपासून ताटलीपर्यंत

पाळीव कुत्रा किती वर्षं जगेल, याचा अंदाज आज आपण त्याची जात, वजन आणि आहार पाहून बांधतो. शंभर वर्षांपूर्वी या हिशेबाला फारसा अर्थ नव्हता, कारण कितीतरी पिल्लं वर्षाची होण्याआधीच डिस्टेंपरने दगावत. हा आजार विषाणूमुळे होतो, हे फ्रेंच पशुवैद्य आंरी कारे यांनी 1905 मध्ये दाखवलं, पण ते पुढची कित्येक वर्षं अनेकांना मान्य नव्हतं. 1920च्या दशकात लंडनमध्ये मिल हिल इथे लेडलॉ आणि डंकिन या संशोधकांनी फेरेट (मुंगसासारखा दिसणारा पाळीव प्राणी) आणि कुत्र्यांवर प्रयोग करून ते पक्कं केलं आणि त्यातूनच लस तयार झाली.

1978 मध्ये पार्व्हो हा आतड्यांवर घाला घालणारा विषाणू आला आणि बघता बघता जगभर पसरला. विषाणू नवा होता, त्यामुळे कोणत्याच कुत्र्याच्या अंगात त्याविरुद्ध ताकद नव्हती. त्यावरही थोड्याच वर्षांत लस आली. तरीही लस टोचलेली पिल्लं आजही पार्व्होने जातात. बहुतेक वेळा लसीत खोट नसते, चुकतं ते वेळापत्रक. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला जी प्रतिपिंडं मिळतात, तीच लसीलाही निष्प्रभ करतात. ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. म्हणून पहिला डोस 6 ते 8 आठवड्यांचं असताना, पुढचे दर 2 ते 4 आठवड्यांनी आणि शेवटचा 16 आठवडे पूर्ण झाल्यावर द्यायचा असतो. ‘दोन सुया झाल्या’ म्हणून बाराव्या आठवड्यात थांबलेलं पिल्लू उघडं पडू शकतं.

साथी आटोक्यात आल्या आणि कुत्री म्हातारी होऊ लागली, तेव्हा जातीजातींतला फरक ठळक दिसू लागला. 2013 मध्ये 74 जातींच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यात दिसलं, की मोठ्या कुत्र्यांचं म्हातारपण भराभर पुढे सरकतं. शरीराच्या दर 2 किलोंमागे आयुष्य साधारण महिनाभराने घटतं. आकार ठरवण्यात आयजीएफ-1 या वाढीच्या संप्रेरकाच्या जनुकाचा मोठा वाटा आहे, हे 2007 मध्येच समजलं होतं. यात मालकाच्या हाती एवढंच, की जात निवडतानाच हे माहीत असावं.

चपट्या तोंडाच्या जातींचं तसं नाही, तिथे दोष माणसाच्या आवडीचा आहे. 2024 मध्ये ब्रिटनमधल्या 5 लाख 84 हजारांहून जास्त कुत्र्यांच्या नोंदींवरून मध्यक आयुष्य 12.5 वर्षं निघालं, म्हणजे निम्मी कुत्री त्याआधी गेली आणि निम्मी त्याहून जास्त जगली. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचं 11.2, मध्यम तोंडाच्यांचं 12.8. याच पाहणीत फ्रेंच बुलडॉगचं आयुष्य 9.8 वर्षं आलं, तर 2022 च्या एका अभ्यासात ते अवघं 4.5 होतं. दोन्ही आकडे आजही फिरतात. जात अचानक लोकप्रिय झाली की त्या जातीतली बहुतेक कुत्री तरुणच असतात, आणि मग नोंदले जाणारे मृत्यूही तरुणांचेच जास्त असतात. त्यामुळे 4.5 हा आकडा जपून वापरावा. श्वासाचा त्रास मात्र खराच आहे.

आणि आता ताटली. मालकाच्या हातात सगळ्यात जास्त असलेली गोष्ट हीच, आणि सगळ्यात जास्त हयगय होते तीही इथेच. 1987 मध्ये अमेरिकेत लॅब्रॅडॉरची 48 पिल्लं घेऊन एक अभ्यास सुरू झाला. एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या लावल्या. खाणं एकच, पण जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी. निकाल 2002 मध्ये छापून आला: मध्यक आयुष्य 11.2 वर्षांच्या जागी 13. सांधेदुखीवर औषध सुरू करण्याची वेळही सुमारे तीन वर्षं लांबली. जास्त खाणारी कुत्री काही लठ्ठपणाचं टोक नव्हती, 9 गुणांच्या देहमापन पट्टीवर (1 म्हणजे हाडकुळं, 9 म्हणजे अतिलठ्ठ) त्यांची सरासरी 6.7 होती आणि कमी खाणाऱ्यांची 4.6. रस्त्यात दिसणारा 6.7 चा लॅब्रॅडॉर पाहून लोक ‘काय तब्येत आहे!’ म्हणतात. दीड-दोन वर्षं जातात ती इथेच.

हे घरी तपासता येतं. दोन्ही अंगठे पाठीच्या कण्यावर ठेवून बोटं बरगड्यांवरून फिरवा. न दाबता एकेक बरगडी हाताला लागली पाहिजे. वरून पाहिलं तर बरगड्यांमागे कंबर दिसावी, बाजूने पाहिलं तर पोट वर चढलेलं असावं. बरगडी शोधायला दाबावं लागलं, तर खाणं जास्त होतंय. कोरडं खाणं कपाने न मोजता काट्यावर ग्रॅममध्ये मोजा, कारण तोच कप दोन माणसं दोन तऱ्हांनी भरतात. 10 किलोच्या नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण 630 कॅलरी पुरतात. बिस्किटं आणि इतर खाऊ यांचा वाटा त्यातला दहावा, म्हणजे 63 कॅलरी. घरातले तिघं-चौघं ‘एकच तुकडा’ देतात, तेव्हा तो कधीच ओलांडलेला असतो.

नसबंदीचा हिशेब इतका सरळ नाही. 1969 मध्ये दिसलं, की पहिल्या माजाआधी नसबंदी झालेल्या माद्यांत स्तनांच्या गाठींचा धोका अगदी कमी असतो. गर्भाशयात पू होण्याचा धोकाही जवळजवळ संपतो. 2013 च्या एका अमेरिकी अभ्यासात नसबंदी झालेली कुत्री सरासरी 9.4 वर्षं जगली, न झालेली 7.9. संसर्ग आणि अपघात यांचे मृत्यू घटले, कर्करोगाचे वाढले. त्याच वर्षी गोल्डन रिट्रीव्हरमध्ये वर्षाच्या आत नसबंदी केल्यास सांध्यांचे विकार वाढतात, असं समोर आलं. त्यामुळे मोठ्या जातींत हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबावं की नाही, हे पशुवैद्याशी बोलून ठरवावं. छोट्या जातींत हा प्रश्न सहसा येत नाही. कधीही केली, तरी नसबंदीनंतर कुत्र्याची भूक वाढते आणि गरज घटते. तेव्हा शस्त्रक्रियेनंतर लगेच रोजचं खाणं 20 ते 30 टक्क्यांनी कमी करा, दर दोन आठवड्यांनी वजन करा आणि काटा वर सरकू लागला तर ग्रॅम पुन्हा कमी करा.