प्रोटिअस आणि क्रुपाचे पाणी : एका अपुऱ्या संरक्षणाची पार्श्वभूमी

स्लोव्हेनियातील चुनखडीच्या प्रदेशात जमिनीखालच्या काळोख्या पाण्यात राहणारा प्रोटिअस हा आंधळा उभयचर प्राणी कायद्याने संरक्षित झाला, त्याला आता शंभर वर्षे उलटून गेली आहेत. मात्र तो ज्या पाण्यात राहतो त्या पाण्याची काळजी घेण्याचा विचार फार उशिरा आणि तोही अर्धामुर्धाच झाला. याचे कारण या प्राण्याला धोका कोणाकडून आहे, याविषयीच्या जुन्या समजुतीत सापडते.

व्हाल्वासोर या विद्वानाने १६८९ मध्ये क्राइन प्रांताविषयी (आजच्या स्लोव्हेनियाचा एक भाग) लिहिताना, पुराबरोबर झऱ्यातून बाहेर फेकल्या गेलेल्या या जिवाला लोक ड्रॅगनचे पिल्लू समजतात, अशी नोंद केली. लाउरेंटी या निसर्गशास्त्रज्ञाने १७६८ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे पोस्टोयनाच्या गुहेत पर्यटकांची रीघ लागली आणि जिवंत प्रोटिअस पकडून विकण्याचा धंदाच सुरू झाला. त्यामुळे १९२२ मध्ये गुहेतील प्राण्यांना संरक्षण देण्यात आले, तेव्हा डोळ्यांसमोर होता तो जाळे घेऊन गुहेत उतरणारा माणूस. गंमत म्हणजे खुद्द पोस्टोयना त्या वेळी इटलीच्या ताब्यात होते, त्यामुळे या संरक्षणाची हद्द तिथपर्यंत पोहोचतच नव्हती. चोरटा व्यापार चालूच राहिला. १९८२ मध्ये प्रोटिअसचा समावेश दुर्मीळ आणि धोक्यातील प्रजातींच्या यादीत झाला आणि व्यापारावर बंदी आली.

त्यानंतर वर्षभरातच, १९८३ मध्ये, बेला क्राइना या आग्नेयेकडील भागातल्या क्रुपा नदीचे पाणी पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल म्हणजेच पीसीबी या रसायनाने दूषित झाल्याचे उघडकीस आले. सेमिच येथील कपॅसिटरच्या (विद्युतभार साठवणाऱ्या सुट्या भागांच्या) कारखान्यात १९६२ पासून हे तेलकट, विजेला रोधक असे रसायन वापरले जात होते आणि त्याचा कचरा आसपासच्या नैसर्गिक खळग्यांमध्ये टाकला जात होता. वरून पाहणाऱ्याला असा खळगा म्हणजे कचरा टाकायला आयती मिळालेली जागा वाटते. प्रत्यक्षात चुनखडी पाण्यात विरघळून तयार झालेला तो भूजलाकडे जाणारा उघडा दरवाजा असतो. इतरत्र पाणी माती-वाळूच्या थरांतून झिरपताना काही प्रमाणात गाळले जाते; इथे मात्र ते भेगांतून आणि भुयारांतून जवळजवळ जसेच्या तसे झऱ्यापर्यंत वाहत जाते. कारखान्याने १९८५ मध्ये पीसीबीचा वापर थांबवला, परंतु हे रसायन सहजी विघटित होत नाही, गाळाला चिकटून राहते आणि प्राण्यांच्या चरबीत साठत जाते. बेला क्राइनाच्या पाणीपुरवठ्यासाठी ज्या झऱ्याकडे आशेने पाहिले जात होते, त्याचे पाणी पिण्यासाठी निरुपयोगी ठरले.

माणसांना दुसऱ्या झऱ्याकडे वळता आले. प्रोटिअसला ती सोय नव्हती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात क्रुपाच्या प्रोटिअसच्या ऊतींमध्ये पीसीबीचे प्रमाण प्रदूषणमुक्त ठिकाणच्या प्राण्यांपेक्षा किमान २८ पट आढळले. या आकड्याचे गांभीर्य प्राण्याच्या आयुष्यक्रमाशी ताडून पाहिल्यावर कळते. प्रोटिअस सुमारे पंधराव्या वर्षी वयात येतो, मादी सरासरी साडेबारा वर्षांतून एकदा अंडी घालते आणि प्रौढ प्राण्याचे सरासरी आयुष्य ६८ वर्षांच्या आसपास असते. म्हणजे कारखान्यात पीसीबी आले तेव्हा जन्मलेला एखादा प्राणी आजही त्याच पाण्यात जिवंत असू शकतो, आणि प्रजननात खंड पडला तरी संख्येतील घट दिसायला कित्येक दशके लागतात. त्यामुळे ‘प्राणी अजून दिसतात, त्या अर्थी सारे ठीक आहे’ हा युक्तिवाद इथे मुळीच टिकत नाही.

बेला क्राइनाचे महत्त्व एवढ्यावर थांबत नाही. १९८६ मध्ये तिथल्या दोब्लिचित्सा झऱ्याजवळ काळ्या रंगाचा, डोळे बऱ्यापैकी विकसित असलेला प्रोटिअस सापडला. १९९४ मध्ये त्याचे स्वतंत्र उपप्रजाती म्हणून वर्णन झाले. हा प्राणी त्याच परिसरातल्या मोजक्या झऱ्यांपुरताच मर्यादित आहे. तिथला धोका कारखान्यापेक्षा शेतीतून येणारा आहे. शेतात ओतली जाणारी शेणमुताची स्लरी आणि नत्रयुक्त खते पावसाबरोबर खाली उतरतात.

युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशाने (निर्देश म्हणजे सदस्य देशांवर बंधनकारक असा कायदा) प्रोटिअसला प्राधान्याची प्रजाती मानले आणि स्लोव्हेनियाने २००४ मध्ये गुहांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. परंतु संघाच्या २००६ च्या भूजल निर्देशात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ५० मिलिग्रॅम ठेवली आहे, म्हणजे पिण्याच्या पाण्यासाठी आहे तेवढीच. जन्मभर त्याच पाण्यात राहून त्वचेवाटेही श्वास घेणाऱ्या प्राण्यासाठी, माणसाच्या पेल्यासाठी ठरवलेले माप पुरेसे मानणे पटण्यासारखे नाही. त्या निर्देशाच्या प्रस्तावनेतही भूजलातील परिसंस्थांसाठी अधिक चांगले निकष ठरवता यावेत म्हणून संशोधन व्हावे, असे म्हटले आहे.